चामखिळीचा जमाखर्च

अमेरिकेतील एखाद्या शहरात सत्तरीला आलेले एक गृहस्थ त्वचारोगतज्ज्ञाकडे गेले आहेत, अशी कल्पना करावी. त्यांच्या पाठीवर, कमरपट्टा बसतो त्याच्या जरा वर, तपकिरी रंगाचा, मेणाचा गोळा थापून चिकटवावा तसा दिसणारा एक उंचवटा आहे. वैद्यकाच्या परिभाषेत त्याला सेबोऱ्हीक केराटोसिस म्हणतात. उतारवयात तो पुष्कळांना होतो आणि त्यापासून जिवाला धोका नसतो. डॉक्टर द्रवरूप नायट्रोजनचा फवारा त्यावर काही सेकंद मारतात आणि उपचार संपतो. गृहस्थ सदरा घालून घरी जातात. यापुढचे काम मात्र अधिक वेळ चालते आणि ते कागदावर चालते. उंचवट्याला दाह झालेला होता अशी नोंद असेल, तर त्या व्याधीचा संकेतांक एल ८२.० असा पडतो. तशी नोंद नसेल, तर एल ८२.१. पहिला अंक पडला तर पासष्टीपुढील नागरिकांसाठी असलेली मेडिकेअर ही सरकारी विमा योजना खर्च उचलण्याचा संभव बराच असतो. दुसरा पडला आणि सोबत अन्य कारण जोडलेले नसले, तर बिल बहुधा त्या गृहस्थांनाच भरावे लागते. दशांशचिन्हापुढच्या एका अंकाचा हा फरक आहे. डॉक्टरांनी जे पाहिले त्यावरून तो अंक ठरला, की बिल कोणी भरायचे हे आधी ठरले आणि मग त्याला जुळेल असे पाहिले गेले, हे त्या कागदावरून कोणालाही सांगता येणार नाही.

चामखीळ, मस, तीळ, चरबीची गाठ यांसारख्या निरुपद्रवी वाढींवर कोणी अग्रलेखाच्या पानावर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. आपल्याकडे घोड्याच्या शेपटीचा केस चामखिळीला घट्ट बांधून ती गळून पडण्याची वाट पाहण्याची रीत होती. तिची नोंद कोणी ठेवली नाही आणि बिलही कोणी दिले नाही. परंतु वैद्यकसेवेचे अर्थशास्त्र समजून घ्यायचे असेल, तर हृदयशस्त्रक्रियेपेक्षा चामखीळच अधिक उपयोगी आहे. हृदयविकाराच्या बाबतीत उपचार हवा की नको याविषयी सहसा वाद नसतो. चामखिळीच्या बाबतीत वाद असतो तो नेमका याचाच.

या वादाचे मूळ १९६५ साली मेडिकेअर योजना निर्माण करणाऱ्या कायद्यात आहे. रोगाचे निदान वा उपचार यांसाठी जे वाजवी आणि आवश्यक असेल, त्याचाच खर्च द्यावा, असे तो कायदा सांगतो. सौंदर्यवर्धनासाठी केलेली शस्त्रक्रिया, अपघाती इजेची दुरुस्ती किंवा व्यंग असलेल्या अवयवाचे कार्य सुधारणे असे काही अपवाद वगळता, तो योजनेबाहेर ठेवतो. तत्त्व म्हणून यात वावगे काही नाही. एखाद्याला गालावरचा तीळ आवडत नाही म्हणून त्याचा खर्च साऱ्या करदात्यांनी का सोसावा? परंतु रोग आणि रूप यांच्यामधली सीमारेषा कातडीवर आखलेली नसते. ती शब्दांत आखावी लागते. मेडिकेअरचे दावे निकालात काढणाऱ्या प्रादेशिक ठेकेदार कंपन्यांनी यासाठी तपशीलवार नियम केले आहेत. वाढीतून रक्त येत असेल, तीव्र खाज वा वेदना असेल, रंग किंवा आकार बदलला असेल, सूज वा पू दिसत असेल, पापणीवरच्या वाढीमुळे नजरेला अडथळा होत असेल, ती वारंवार घासली जाऊन दुखापत झाल्याची नोंद असेल, किंवा कर्करोगाची शंका घेण्यास वाजवी आधार असेल, तर ती काढणे आवश्यक मानले जाते. नुसते ‘त्रासदायक वाढ’ असे लिहिणे पुरेसे नाही, असेही यांतील काही नियमांत बजावलेले आहे.

हा शेवटचा इशारा का द्यावा लागला, हे उघड आहे. ‘त्रासदायक’ हा शब्द लिहिला की पैसे मिळतात असे ध्यानात आल्यावर तो शब्द सर्वत्र दिसू लागला. तो पुरेसा नाही असे सांगितल्यावर त्याच्या जागी लांब वाक्ये आली. संगणकावर तयार मजकुराचे साचे ठेवता येतात. त्यामुळे सोमवारच्या रुग्णाला आणि गुरुवारच्या रुग्णाला एकाच भाषेत, एकाच विरामचिन्हांसह खाज सुटू लागली. यांतील प्रत्येक नोंद खोटी असते असे मुळीच नाही. कमरपट्ट्याखाली येणारी वाढ खरोखरच घासली जाते. अडचण अशी की खरी खाज आणि छापील खाज या दोहोंत फरक करण्याचे साधन कागदापाशी उरत नाही.

मोजणी आणि मोबदला

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात अनपेक्षित असे काही वाटू नये. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकसेवेतील अनिश्चिततेवर जो निबंध लिहिला, त्यात या बाजाराचे वेगळेपण दाखवून दिले होते. येथे ग्राहकाला आपल्याला काय हवे ते ठाऊक नसते. विक्रेताच ते सांगतो आणि तोच ते पुरवतो. त्यात विमा कंपनी हा तिसरा पक्ष आला, की आणखी एक गुंता निर्माण होतो. पैसे देणाऱ्याने रुग्णाची पाठ पाहिलेली नसते. त्याच्यापुढे येते ती त्या पाठीविषयीची नोंद. म्हणजे व्यवहारात विकली जाणारी वस्तू उपचार ही राहत नाही, उपचाराचे वर्णन ही होते.

वास्तविक रोगांचे वर्गीकरण जन्माला आले ते निराळ्याच हेतूने. जाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली मृत्यूंच्या कारणांची यादी आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेपुढे मांडली. १९४८ मधील सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती आली आणि तिच्यात मृत्यूंबरोबर आजारांचाही समावेश झाला. कोणत्या देशात माणसे कशाने आजारी पडतात आणि कशाने मरतात, हे कळावे एवढाच तिचा उद्देश होता. अमेरिकेने २०१५ च्या ऑक्टोबरपासून तिच्या दहाव्या आवृत्तीचे आपले विस्तारित रूप रुग्णालयांना लागू केले; त्यात सुमारे ७० हजार संकेतांक आहेत. हे झाले व्याधीचे अंक. उपचारांचे अंक वेगळे असतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही डॉक्टरांची संघटना १९६६ पासून त्यांचे पुस्तक प्रसिद्ध करीत आली आहे. १९९२ पासून मेडिकेअरने प्रत्येक उपचारामागचे श्रम, खर्च आणि जोखीम यांचे मूल्यमापन करून दर ठरवण्याची पद्धत स्वीकारली, आणि या अंकांना रुपयाआण्यांचे, म्हणजे तेथील डॉलरसेंटांचे, मोल आले. बर्तियों यांची यादी ज्ञानासाठी होती. आता तिच्यातील अंक उपचाराच्या अंकाशी जुळला तरच धनादेश निघतो.

या मोजणीचे तपशील मोठे उद्बोधक आहेत. नायट्रोजनने वा अन्य रीतीने चामखिळी नष्ट केल्या, तर एकीपासून चौदापर्यंत एकच संकेतांक आणि एकच मोबदला. पंधरावी आली की अंक बदलतो. मानेवर वा काखेत लोंबणाऱ्या मऊ चामखिळी कापून काढल्या, तर पहिल्या पंधरांना एक अंक आणि पुढच्या प्रत्येक दहांना, वा दहांच्या भागाला, आणखी एक. तेरा मोजून थांबलेल्या डॉक्टरला आणखी दोन शोधून काढण्याचा मोह कसा होत असेल, याची कल्पना करण्यास फार मोठी प्रतिभा लागत नाही. वाढ मुळापासून छेदून काढली, तर ती शरीराच्या कोणत्या भागावर होती आणि तिचा व्यास किती होता, यावर अंक ठरतो. पाठीवरची एक सेंटिमीटर व्यासाची गाठ दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर निरोगी कातडी ठेवून काढली, तर हिशेबात १.४ सेंटिमीटर धरले जातात आणि ती वरच्या गटात जाते. कडेचे मिलिमीटर लिहायचे राहिले, तर ती खालच्या गटात. शिवाय हे माप छेद घेण्याआधीच घ्यावे लागते. कातडीचा तुकडा कापल्यावर आणि फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यावर आक्रसतो. त्यामुळे प्रयोगशाळेच्या अहवालातील आकार नेहमी लहान भरतो. मोजपट्टी लावायला विसरलेल्या डॉक्टरचे नुकसान होते ते असे. ही शिस्त पैशापोटी आली हे खरे. पण तिच्यामुळे माप घेण्याची सवय लागली, हेही खरेच.

येथपर्यंतचा प्रश्न पैशाचा आहे. त्याहून गंभीर असा एक प्रश्न दोन सारख्या दिसणाऱ्या अंकांत दडलेला आहे. डी ४८.५ याचा अर्थ कातडीवरील ‘अनिश्चित प्रकृतीची’ वाढ, आणि डी ४९.२ याचा अर्थ ‘प्रकृती नमूद न झालेली’ वाढ. सामान्य माणसाला दोन्ही सारखेच वाटतील. परंतु पहिला अंक देण्यासाठी विकृतिशास्त्रज्ञाने तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला असला पाहिजे, आणि पाहूनही ही वाढ पुढे कशी वागेल ते सांगता येत नाही, असा अभिप्राय दिलेला असला पाहिजे. दुसऱ्याचा अर्थ एवढाच की तपासणी अद्याप झालेली नाही. अहवाल येण्याआधी बिल पाठवण्याच्या घाईत ‘आम्हाला अजून माहीत नाही’ याऐवजी ‘शास्त्रालाही सांगता येत नाही’ असे लिहिले गेले, तर साधा तीळ असलेल्या माणसाच्या कागदपत्रांत कर्करोगाची सावली कायमची येऊन बसते. पुढे आयुर्विम्याचा अर्ज भरताना ती त्याला भेटू शकते. याउलट, संशयास्पद तीळ ‘निरुपद्रवी’ म्हणून नोंदला गेला आणि तुकडा प्रयोगशाळेत गेलाच नाही, तर काय होईल हे सांगावयास नको. मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग आरंभी तिळासारखाच दिसू शकतो. वेळीच काढला तर रुग्ण बहुधा बरा होतो आणि उशीर झाला तर तो यकृत, फुप्फुसे, मेंदू यांपर्यंत पसरतो.

पुण्यातील टेबलावर

हा सारा व्यवहार अमेरिकेचा असला, तरी त्याचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदी वाचून त्यांना संकेतांक देण्याचे काम चेन्नई, हैदराबाद, बेंगळुरू यांप्रमाणेच पुण्यात आणि नवी मुंबईतही चालते. जीवशास्त्र, औषधनिर्माण, परिचर्या, भौतिकोपचार या शाखांचे पदवीधर तरुण-तरुणी हे काम करतात. शिकलेल्या विषयात नोकरी मिळाली नाही म्हणून आलेले त्यांच्यात पुष्कळ आहेत. या कामाला कारकुनी म्हणून नाक मुरडण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती अन्यायाची आहे.

ज्याने रुग्ण पाहिला नाही, डॉक्टरला पाहिले नाही, आणि कदाचित तो देशही पाहिला नाही, अशी व्यक्ती त्या नोंदीची सर्वांत काळजीपूर्वक वाचक असते. या व्यवसायातला पहिला धडा असा की जे लिहिलेले नाही ते झालेले नाही. नोंदीत दाहाचा उल्लेख नसेल, तर एल ८२.० देता येत नाही. डॉक्टरच्या मनात काय असावे याचा तर्क करण्याची मुभा नाही. शंका आली तर डॉक्टरला विचारता येते, पण प्रश्न कसा विचारायचा यालाही शिस्त आहे. ‘वाढीची स्थिती स्पष्ट करावी’ असे विचारणे योग्य. ‘दाह होता असे लिहिल्यास दावा मंजूर होईल, तरी तसे लिहावे’ असे सुचवणे गैर. उत्तर सुचवणारा प्रश्न साक्षीदाराला विचारू नये, हा न्यायालयातील संकेत येथे एका टेबलावर, संगणकासमोर पाळावा लागतो. तो पाळला गेला नाही तर खोट्या दाव्यांविरुद्धचा कायदा आहेच. यादवी युद्धात सरकारला निकृष्ट माल पुरवणाऱ्यांना आळा घालण्यासाठी तो १८६३ साली झाला आणि आज तो डॉक्टरांना लागू होतो. सरकारचे झालेले नुकसान तिप्पट भरून देण्याची त्यात तरतूद आहे.

तथापि या टेबलावर बसणाऱ्यांवर दुहेरी दडपण असते. दिवसाला अमुक इतक्या नोंदी निकालात काढाव्यात आणि चूक एकही होऊ नये, या दोन्ही अपेक्षा एकाच वेळी असतात. आता त्यात यंत्राची भर पडली आहे. नोंद वाचून स्वतःच अंक सुचवणाऱ्या संगणकप्रणाली आल्या आहेत. साध्या नोंदी यंत्राकडे जातील आणि अवघड तेवढ्या माणसाकडे उरतील, असा रंग दिसतो. दुसऱ्या बाजूने विमा कंपन्याही दावे तपासण्यासाठी यंत्रे वापरू लागल्या आहेत. एका यंत्राने साच्यातली वाक्ये जुळवायची आणि दुसऱ्याने ती साच्यातली आहेत म्हणून नाकारायची, अशी ही शर्यत आहे. तिचा खर्च अखेर विम्याच्या हप्त्यातच मिसळतो.

पैसा आणि नोंद यांचा हा संबंध नवा नाही. जॉन ग्रॉंट या लंडनच्या व्यापाऱ्याने १६६२ साली त्या शहरातील मृत्युनोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकसंख्याशास्त्राचा आरंभ तेथून मानतात. मृत्यूचे कारण ठरवण्याचे काम त्या काळी वृद्ध स्त्रियांकडे असे. उपदंशाने झालेले मृत्यू नोंदींत फार थोडे दिसतात, याचे कारण ग्रॉंटने रोखठोक दिले आहे: थोडी दारू आणि चार पैसे हातावर पडले की या बाया दुसरेच कारण लिहून देत. त्या बायांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, पण त्यांनी बिघडवलेल्या आकड्यांवर साडेतीनशे वर्षांनंतरही अभ्यासकांना काम करावे लागते.

अमेरिकेत निदान नोंद होते आणि तिच्यावर भांडणही होते. आपल्याकडची स्थिती वेगळी आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्यविम्यातून वगळावयाच्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. तीतही सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया वगळलेली आहे. अपघात, भाजणे वा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, आणि प्रत्यक्ष व तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक असलेला उपचार हे तिचे अपवाद आहेत. अशी आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित करावी, असे तीत म्हटले आहे. म्हणजे शब्दांवर पैसा अवलंबून ठेवण्याची अमेरिकी व्यवस्था तत्त्वतः येथेही आली. मोजपट्टी मात्र आली नाही.

चामखीळ वा तीळ काढण्याचा व्यवहार आपल्याकडे बहुतांशी बाह्यरुग्ण विभागात, रोख पैशाने होतो. विद्युतदहनाने वाढ जाळली जाते, मलम लिहून दिले जाते, आणि पुष्कळदा रुग्णाच्या हाती औषधाच्या चिठ्ठीखेरीज काही येत नाही. काही ठिकाणी तर हे काम सौंदर्यप्रसाधनगृहांतही चालते. २००२ च्या वैद्यकीय नीतिनियमांत कागदपत्रे तीन वर्षे जपण्याचे आणि मागितल्यास ७२ तासांत देण्याचे बंधन आहे. परंतु जपण्याचा नियम आंतररुग्णांपुरता आहे. तीळ काढून घेणारा माणूस आंतररुग्ण नसतो. त्याला पुढे काखेत गाठ आली आणि नव्या डॉक्टरने विचारले, की पाठीवरून काय काढले होते, तर तो ‘काही नाही, एक तीळ होता’ एवढेच सांगू शकतो. तो तीळ कसा होता, किती मोठा होता, तुकडा तपासला होता का, याचे उत्तर कोठेच नसते.

गौरवर्णीयांच्या तुलनेत भारतीयांत मेलानोमाचे प्रमाण फार कमी आहे, म्हणून हा प्रश्न आपला नाही असे कोणी म्हणेल. पण गडद वर्णाच्या लोकांत हा रोग तळपाय, तळहात आणि नखांखाली होण्याचे प्रमाण तुलनेने अधिक असते, आणि नेमक्या याच जागी तो कुरूप वा भोवरी समजून दुर्लक्षिला जाण्याची भीती असते. मानेवरच्या मऊ चामखिळींचेही तसेच. त्या निरुपद्रवी असतात, पण त्या मोठ्या संख्येने आल्या तर मधुमेहाच्या पूर्वावस्थेशी त्यांचा संबंध आढळतो. रूपाची बाब म्हणून त्या काढून टाकताना साखर तपासण्याचे कोणी सुचवले नाही, तर मधुमेहाने ग्रासलेल्या या देशात एक सोपी सूचना वाया जाते.

अमेरिकेचे ७० हजार संकेतांक आपल्याकडे आणावेत असा याचा अर्थ नव्हे. तेथे गेल्या काही वर्षांत उलट दिशेने पावले पडू लागली आहेत: बाह्यरुग्ण तपासणीच्या शुल्कासाठी इतिहासाचे किती मुद्दे लिहिले आणि किती अवयव तपासले हे मोजण्याची पद्धत २०२१ पासून सोडून देण्यात आली, आणि निर्णयाची गुंतागुंत वा दिलेला वेळ हा निकष आला. ओळी मोजून पैसे दिले की ओळी वाढतात, हे त्यांना बऱ्याच खर्चानंतर कळले. आपल्याला आज लागते ते याहून फार थोडे आहे. वाढ कोठे होती, किती मिलिमीटरची होती, केव्हापासून होती आणि अलीकडे बदलली होती का, कोणत्या रीतीने काढली, आणि तुकडा तपासणीस पाठवला की टाकून दिला. टाकून दिला असेल, तर तसेच लिहावे. या नोंदीचा बिलाशी संबंध जोडू नये, म्हणजे ती सजवण्याचे कारण उरणार नाही. राज्याच्या वैद्यक परिषदेने असा नमुना ठरवून दिला, तर तो अर्ध्या पानात मावेल, आणि त्याची एक प्रत मलमाच्या चिठ्ठीबरोबरच रुग्णाला देता येईल.